मुरायला दहा मिनिटं

सात वर्षांच्या अबोल्यानंतर दोघी बहिणी आईच्या न्हाणीघरात टाइल्स बसवत होत्या, पण बोलणं कामापुरतंच. टाइल्स पुढे तडकू नयेत म्हणून थोरलीने बादलीत आधी लवचिकपणाचं पांढरं द्रावण ओतलं, मग चिकटवायची पावडर टाकून माल कालवला. धाकटीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पाणी नको. आता दहा मिनिटं मुरू दे."

हे अगदी बाबांचं वाक्य. टाइल्स बसवणारे बाबा त्या दहा मिनिटांत पोरींना समोर बसवून स्वतःच्या खोड्या सांगायचे.

"ताई, ती शाळेच्या छपरावरची गोष्ट कशी होती गं?"

थोरली सांगत गेली. आईने जेवायला हाक मारली तेव्हा बादलीतला माल दगड झाला होता.

"बरं झालं," धाकटी म्हणाली, "आता उद्याही यावं लागेल."