अकरा मिनिटांचं मरण

“या शनिवारी तुझ्याबरोबर माझ्या पिक्चरला येतो,” बाबा म्हणाले आणि शिवत बसलेल्या लेकीच्या बोटात सुई घुसली.

बाबांनी उभी हयात रंगमंचावर शोकांतिकेतले राजे रंगवले होते. म्हातारपणी एका फाटक्या खिशाच्या दिग्दर्शकाने त्यांना घेऊन त्यातल्याच एका जुन्या नाटकावर चित्रपट काढला. राजवाडा म्हणजे मोटारींचं गॅरेज, मुकुट केकच्या भांड्याचा, राजवस्त्र लेकीने न्हाणीघराच्या पडद्यातून बेतलेलं. बाबांनी मात्र जीव ओतला. विष प्यायलेला राजा मरायला अकरा मिनिटं घेतो, मध्ये दोनदा उठून बसतो.

पहिल्या आठवड्यात तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. मग कोणीतरी खदखदून हसलं आणि गावभर बोभाटा झाला. आता दोन वर्षं दर शनिवारी दुपारी थिएटर भरतं. लोक अंगावर पडदे गुंडाळून येतात, राजा कोसळला की मोठ्याने मिनिटं मोजतात, पोट धरून लोळतात. लेक एकदाच गेली होती, ती अर्ध्यातून उठून आली.

बाबांना तिने सांगितलं, “लोक ढसाढसा रडतात.” शनिवारी ते मित्राकडे बुद्धिबळाला जायचे, म्हणून झाकली मूठ टिकली होती.

ती तडक थिएटरच्या मॅनेजरकडे गेली. “एवढा एक खेळ कोणी हसू नका म्हणावं. हाय खाईल हो म्हातारा.”

मॅनेजरने दारात एकेकाला गाठून हात जोडले. पब्लिक मनाचं मोठं निघालं. राजाने पेला तोंडाला लावताच दोनशे रुमाल बाहेर आले. एक धिप्पाड गडी तर हसू दाबता दाबता खरंच रडायला लागला. अकरा मिनिटं कोणी खोकलंसुद्धा नाही. लेकीचा जीव भांड्यात पडला.

बाहेर आले तेव्हा बाबांचा चेहरा उतरलेला होता.

“काय झालं, बाबा? अख्खं थिएटर रडत होतं.”

“तेच तर,” बाबा खालच्या आवाजात म्हणाले. “बुद्धिबळाचं निमित्त करून दोन वर्षं दर शनिवारी मागच्या रांगेत बसतो मी. दुसऱ्यांदा उठतो ना, तिथला हशा आजवर कधी चुकला नव्हता.”