फळीचं दुसरं टोक

सी-सॉच्या एका टोकाला ठकू बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकले होते आणि समोरचं टोक रिकामंच वर गेलं होतं.

"आई, टिल्लू येतोय ना गं?"

"येईल. दूध संपवत असेल."

टिल्लूचं घर बागेच्या भिंतीला लागूनच होतं. हाक मारली तरी ऐकू जाईल इतकं जवळ. पण आज आईने हाक मारली नाही.

ती बाकावर बसली होती आणि पर्समध्ये फोन सारखा घुरघुरत होता. सकाळीच कायदा पास झाला होता. मुलाला लस टोचायची की नाही हे आता आईबापच ठरवणार, शाळेने किंवा सरकारने जबरदस्ती करायची नाही. त्यासाठी ती वर्षभर उन्हातान्हात मोर्च्यांतून चालली होती. तिचं शिवणकाम, म्हणून मोर्च्याचा कापडी फलकही तिनेच शिवला होता. 'मूल आमचं, निर्णय आमचा.' अक्षरं अशी ठसठशीत की रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता यावीत. आता अभिनंदनावर अभिनंदन येत होतं. ते करणारं एकही माणूस या गल्लीत राहत नव्हतं.

"आज बाग कशी मोकळी मोकळी," झाडांना पाणी घालणारा माळी म्हणाला. "पलीकडच्या गल्लीत गोवर काय निघाला, माझ्या हिरवळीला सुट्टी मिळाली बघा." मग ठकूकडे नजर गेली तशी त्याने जीभ चावली आणि पाइप ओढत तो पुढे सरकला.

तेवढ्यात फाटकातून टिल्लू धावत आला. त्याने रिकाम्या टोकाला हात घातला, फळी खाली ओढली, एक पाय पलीकडे टाकलासुद्धा.

"टिल्लू, थांब!"

मागून त्याची आई आली. छातीशी तान्ही, दुपट्यात गुंडाळलेली. त्या दुपट्याची किनार ठकूच्या आईनेच शिवून दिली होती, बाळ यायच्या आधी.

"अहो, जरा बोलायचं होतं."

ते 'अहो' ठकूच्या आईला खुपलं. कालपर्यंत दोघींचं अगंतुगं होतं.

"बोल की."

"बाळ लहान आहे अजून. गोवराची लस तिला एवढ्यात देत नाहीत. टिल्लूला दिलीय, पण ठकूला..." ती अडखळली. "थोडे दिवस टिल्लू खेळायला नाही येणार. मनाला लावून घेऊ नका."

"ठकू ठणठणीत आहे. साधी शिंक नाही तिला."

"आज नाहीये."

"म्हणजे माझ्या लेकीला वाळीत टाकतेस तू?"

"वाळीत कशाला टाकू? सकाळपासून रडून घर डोक्यावर घेतलंय त्याने, विचारा हवं तर. पण माझ्या मुलांचं मलाच बघायला हवं ना? मीच ठरवणार ना?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

ठकूच्या आईकडे उत्तर नव्हतं असं नाही. वर्षभर सभांमधून तिने उत्तरंच तर दिली होती. ठकूच्या थोरल्या भावाचं सांगता आलं असतं. लस टोचली त्याच रात्री तो तापाने फणफणला आणि पुन्हा उठला नाही. आजार वेगळाच होता, लसीचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. खरंही असेल. पण पोर तिच्या मांडीवर गेलं होतं, डॉक्टरांच्या नाही.

हे समोरचीला काय सांगायचं? तेव्हा कित्येक दिवस जेवणाचा डबा तिच्याच घरून येत होता.

बाळ कुरकुरलं. सवयीने ठकूच्या आईचे हात पुढे झाले. टिल्लूची आई चटकन एक पाऊल मागे सरली. मग तिलाच कसंतरी झालं आणि ती बाळाचं टोपडं नीट करू लागली. ते नीटच होतं.

"येते," ती म्हणाली.

टिल्लूने पाय काढला तशी फळी पुन्हा वर गेली. तो आईच्या मागे निघाला, पण मान इकडेच. फाटकाला धडकला.

"समोर बघ रे जरा!"

मग फाटक लागल्याचा आवाज आला. ठकू अजून दांडी धरून तशीच बसली होती.

"आई, त्याची माझ्याशी कट्टी आहे?"

"नाही गं."

"मग मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस, बाळा."

पर्समधला फोन पुन्हा घुरघुरला. ती पर्स तिथेच बाकावर ठेवून आई उठली. चपला काढल्या, वरचं टोक दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि त्यावर बसली. ठकू भर्रकन वर गेली आणि खुदकन हसली. आईने पायांनी जोर लावून तिला दोनचारदा खालीवर केलं. पण एवढ्याशा पोरीपुढे आईचं वजन. जोर लावून लावून पाय भरून आले आणि आईचं टोक जमिनीला टेकलं ते टेकलंच. ठकू वर लटकून राहिली.

माळी लगबगीने आला. "ताई, मोठ्यांनी बसायचं नसतं त्यावर, नियम आहे..." त्याने वर ठकूकडे बघितलं, मग बंद फाटकाकडे. तो परत फिरला आणि मघाशी भिजवलेल्याच वाफ्यात पुन्हा पाणी सोडू लागला.

"थांब हं, उतरवते तुला," आई म्हणाली आणि उठायला लागली.

"नको!" ठकू ओरडली. तिने मान उंच केली होती. "उठू नकोस आई. इथून टिल्लूची खिडकी दिसते."

आई बसून राहिली. वर ठकूने दांडीवरचा एक हात सोडला आणि ती तो हलवत राहिली.

खालून आईला नुसती भिंत दिसत होती.