गंधाराची तार

बहात्तरच्या दुष्काळात पद्मावती दुसरेपणावर सांगलीत आली, त्याला आता वर्ष होत आलं. घरातल्या सगळ्यांनी सांगून बघितलं, आत्यानं तर पेढ्याचं आमिषही दाखवलं, पण पहिलीची नऊ वर्षांची शालन तिला मावशीच म्हणायची. शेवटी पद्मावतीनंच सगळ्यांना गप्प केलं आणि ती माहेराहून, मिरजेहून आणलेल्या तानपुऱ्याशी पोरीला रोज घेऊन बसू लागली.

"मावशी, सा हाय, पंचम हाय, मग गंधाराची तार कुठली हो?"

"गंधाराला तार नसती. बाकीच्या तारा नीट लागल्या की तो आपणहून बोलतो. वढून आणायला गेलं तर न्हाई यायचा."

शालन रोज कान देऊन ऐकायची आणि काहीच ऐकू येत नाही म्हणत उठून जायची. आज पद्मावतीनं खर्जाच्या तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि डोळे मिटून ती तारा छेडत राहिली. पोरीनं भोपळ्याला कान लावला होता.

"आला गं आई, आला."

पद्मावतीची बोटं तारांवरच थबकली.

"आई, थांबलीस कशाला? गेला न्हवं तो."