हाताची टकटक

"कोणाला पटणार नाही, पैज लावतो," तिजानी म्हातारा ओरडला, "पण माझ्या आईचं निळं ताट या आपल्या बिझर्त गावाहून समुद्रातून सिसिलीला पोहत गेलं आणि भरून परत आलं!"

सुपरमार्केटच्या दारातून पिशव्या सावरत निघालेली माणसं थबकली. रमजानची दुपार कलली होती. पोटात कावळे कोकलत होते, डोकी तापली होती. आणि दाराशी ओल्फाची गरिबांसाठीच्या दानाची ट्रॉली सकाळपासून आ वासून उभी होती. तळाला मिठाच्या पुड्या, बस. संध्याकाळी रोजा सोडायची तोफ वाजायच्या आत ट्रॉली भरली नाही, तर उद्यापासून त्या जागी खजुराचा ठेला लागेल, असं मॅनेजरने बजावलं होतं. ओल्फा म्हणजे तिजानीची नात. पोरीला केव्हाही रडू फुटेल असं झालं होतं.

लोकांची तोंडं तरी किती! एक म्हणे, माल पोचतो तरी का? दुसरी म्हणे, मी माझ्या शेजारणीला देते, पुरे झालं. एकाने मीठ टाकलं आणि ट्रॉलीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. पण कहर केला तो हार्डवेअरवाल्या सी हम्मादीने. शिगोशीग भरलेली गाडी ढकलत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घेणाऱ्यांना घ्यायची चटक लागते, पोरी. परत काय देतात ते? सांग ना, काय देतात?"

ओल्फा तळाच्या मिठाच्या पुड्या उगाच सारख्या करू लागली. तिजानीच्या मात्र ते वर्मी लागलं. त्याने ट्रॉलीशेजारची आपली खुर्ची मागे सारली आणि उठला.

"माझी एकच अट," तो आता सांगत होता. "ज्याला खोटं वाटेल त्याने बेलाशक 'खोटं' म्हणून ओरडावं. पण आधी ट्रॉलीत काहीतरी टाकावं. मला फुकटात खोटारडा म्हणता येणार नाही. गावात माझी तेवढी पत आहे!"

माणसं हसली. उपाशीपोटी हसू स्वस्त असतं.

"आमच्या गल्लीत तोफेआधी ताटं निघायची," तिजानीने सुरू केलं. "या दारातून त्या दारात. ब्रीकच्या करंज्या तळल्याचा वास भिंतींना चिकटून बसायचा. आम्ही पोरं ताटं घेऊन धावायचो आणि दारं पायाने वाजवायचो. हात भरलेले असायचे ना! आणि गल्लीचा कायदा एकच. आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही."

सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. तो भिंतींचा चुना, ते तळणाचं तेल, ती संध्याकाळची घाई. निळ्या ताटाचा टवका उडालेला काठ त्याच्या बोटांना अजून आठवत होता. ताट किती हलकं असायचं, तेही.

"पण आईच्या ताटाची गंमत झाली. जो तो त्यात आपली भर घालायचा, आणि ताट फुगायचं! पंधरवड्यात ते गल्लीत मावेना. वळणावर हकीम न्हाव्याच्या दुकानाचा कोपरा तासावा लागला."

"खोटं!" एका बाईने तेलाची बाटली टाकली.

"कोपरा अजून तासलेला आहे, जाऊन बघ. मग त्यात सूप एवढं साचलं की हकीम पोहत गिऱ्हाइकं करायचा. अर्धी दाढी या काठाला, अर्धी त्या काठाला."

"खोटं! खोटं!" चणे पडले. साखर पडली. दुधाचे डबे पडले.

"शेवटी कोळ्यांनी ते बंदरात सोडलं. वाऱ्याने थेट सिसिलीला नेलं. तिथल्या बाया किनाऱ्यावर धावल्या. 'अगं बाई, हे तर बिझर्तचं ताट! रिकामं कसं पाठवायचं?' आणि ईदच्या सकाळी ताट परत आलं, लिंबांनी भरून!"

आता ओरडणाऱ्यांची रांग लागली. ज्यांची खरेदी संपली होती, ते 'खोटं' म्हणण्यासाठी पुन्हा आत जाऊन काहीबाही घेऊन आले. ओल्फा हसत रचत होती. ट्रॉलीचा फक्त वरचा काठ उरला.

सी हम्मादी एवढा वेळ गाडीला टेकून ऐकत होता. आता त्याने डोळे बारीक केले.

"तिजानीकाका, सिसिली राहू दे. ते ताट पहिल्यांदा भरायचं कोण?"

"माझी आई!" तिजानी छाती काढून म्हणाला. "गल्लीत पहिलं ताट आमच्याच घरून निघायचं."

यावर कोणी ओरडलं नाही. यात खोटं वाटण्यासारखं होतं काय?

तेवढ्यात गर्दीच्या कडेने पांढरी सफसारी डोक्यापासून अंगभर लपेटलेली मन्नूबिया मावशी पुढे आली. त्याच गल्लीत, तिजानीच्या समोरच्या दारात वाढलेली. तिने पिशवीतून टोमॅटोचा डबा काढला, ट्रॉलीवर ठेवला. काठ भरला.

"खोटं!" ती म्हणाली.

तिजानीचा चेहरा उतरला. "मन्नूबिया, अगं..."

"गप रे, लबाडा! पैसे मोजलेत मी, बोलणार. ताट माझ्या आईचं होतं. रोज आमच्या घरून भरून तुमच्याकडे जायचं. तुमच्या घरात परत घालायला कधी काही नसायचं. मग तुझी आई रिकाम्या ताटाबरोबर तुला पाठवायची, गोष्ट सांगायला. बाकीची पोरं दार पायाने वाजवायची. तू हाताने वाजवायचास."

निघालेली सी हम्मादीची गाडी जागीच थांबली. मन्नूबिया त्याच्याकडे बघून म्हणाली,

"आणि ती हाताची टकटक ऐकू आल्याशिवाय आमच्या घरी कोणी गोडाला हात लावत नसे."