ड्यूटीची टिकली

धाकटी बहीण कुमुद गेल्याचा फोन सकाळी आला, तेव्हापासून वत्सलाबाई स्वयंपाकघर ते बाल्कनी फेऱ्या मारत होत्या. एकच कप त्यांनी तीनदा विसळला. कुमुदचा फोटो काढून बघितला, तरी डोळ्यांत पाणी येईना.

सुट्टी होती म्हणून भाजीला गेलेली सून तनुजा परत आली.

"मला काय झालंय गं? कुमुद गेली, आणि आत नुसतं रिकामं आहे."

तनुजाचं लक्ष त्यांच्या कपाळाकडे गेलं. हेल्पलाइनवर अपघाताचे फोन घेताना मनाला काही जाणवू नये म्हणून तनुजाला ऑफिसने दिलेली टिकली तिथे होती. काल घरी आल्यावर तिने ती नेहमीसारखी आरशावर चिकटवली होती, बाकीच्या टिकल्यांशेजारी.

"आई, ही माझी ड्यूटीची टिकली. थांबा, काढते. मग येईल रडू."

वत्सलाबाईंनी तिचा हात मध्येच धरला. "तू रोज आठ तास अशी असतेस?"

"आधी आठच तास अशी असायचे. हल्ली काढल्यावरही काही येत नाही."

वत्सलाबाईंनी टिकली स्वतःच ओरबाडून काढली आणि सुनेला जवळ ओढलं. रडू फुटलं, तेव्हा त्यांच्या तोंडी तनुजाचं नाव होतं.