तिसरा ठोका

सगळ्या कामगारांना काढून वर्ष झालं होतं. तरी मालक मिराशीसाहेब आज स्वतः युनियनच्या हौसाताईंना कारखान्यात घेऊन आले. आत चारशे यांत्रिक हात काम सोडून थांबले होते. कामगारांचं बघून बघूनच ते शिकले होते.

ताईंना पाहताच सगळ्यांनी पाना टेबलावर तीनदा आपटला. संपाला होकार द्यायची युनियनची रीतच ती. कोपऱ्यातल्या एका हाताचा तिसरा ठोका मात्र मागाहून पडला. ताई चटकन तिकडे वळल्या. तसा ठोका कामगार दत्तू द्यायचा, संरक्षक जाळी नसलेल्या प्रेस यंत्राखाली सापडून जीव गेलेला.

"ताई, यांना हवंय तरी काय?"

"आमची तेव्हाचीच मागणी, साहेब. प्रेसला जाळी."

"आता आत माणूसच नाही. जाळी कोणासाठी?"

ताईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ते दत्तूला विचारा."

मिराशी खुर्ची ओढून त्या हातासमोर बसले.