टिकलीमागचा दिवा

"वहिनी, बॅटरी ठणठणीत, इंजिनही ठणठणीत," मेकॅनिकनं तिसऱ्यांदा सांगितलं. तरी जुन्या हायब्रिड गाडीतला पिवळा दिवा काही विझेना. शेवटी कुमुदिनीनं वैतागून त्याच्यावर आपली टिकलीच चिकटवली.

आज घाटाच्या पायथ्याशी टिकलीच्या कडेनं पिवळ्याऐवजी लाल उजेड झिरपू लागला. शेजारी नवरा, विश्राम, घामानं निथळत गाडी चालवत होता.

"अहो, थांबवा गाडी. हात काढा बघू."

तिनं स्टिअरिंग धरलं, दिवा विझला. त्यानं धरलं, पुन्हा पेटला.

"नव्या गाड्या माणसाची नाडी बघतात ना? ही म्हातारीसुद्धा बघतेय. बिघाड तुमच्यात आहे. चला दवाखान्यात."

"काहीतरीच! दवाखाना घाटापलीकडे. तुला घाट कुठे चालवता येतो?"

"आजपासून येतो. सरका तिकडे."

टिकली उचलून तिनं कपाळाला लावली आणि गाडी पहिल्या वळणाला घातली.